पेपर 'मॅनेज' झालेत का? निवडणुकीच्या बातम्यांतला पक्षपात कसा तपासायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विधानसभेच्या प्रचारात तुम्ही तालुक्यात येणारी तीन दैनिकं रोज पाहिलीत. विद्यमान आमदारांचा फोटो जवळपास रोज होता. तुम्ही ज्यांचं काम करत होता त्या उमेदवाराची बातमी मोजून दोन-चार वेळा आली, तीही आतल्या पानावर. यावरून पेपर विकले गेले असं म्हणता येईल का, आणि म्हणायचं तर पुरावा कुठून आणायचा?

मी बरीच वर्षं जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर पानं लावली आणि नंतर निवडणूककाळातल्या बातम्यांची मोजणी कशी करायची हे नव्या मुलांना शिकवलं. त्या अनुभवावरून सांगतो, फोटो किती वेळा आला यावरून काही सिद्ध होत नाही. तुमचा संशय खरा असू शकतो, पण त्यासाठी पाहायच्या जागा वेगळ्या आहेत.

आधी संशयाबद्दलच बोलू. १९८५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२ च्या बैरूतमधल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या त्यांनी इस्राएलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. फिती त्याच, पण दोन्ही गटांनी छातीठोकपणे सांगितलं की या बातम्या आमच्याविरुद्ध आहेत. जिल्ह्याच्या डेस्कवर बसलेल्या कुणालाही हे ऐकून नवल वाटणार नाही. एकाच सभेच्या एकाच बातमीवरून सकाळी एका पक्षाचा तालुकाध्यक्ष फोन करून झापतो आणि दुपारी दुसऱ्याचा. दोघंही मनापासून चिडलेले असतात. तुम्ही कार्यकर्ते आहात, तेव्हा मोजणी सुरू करण्याआधी ही गोष्ट स्वतःला एकदा सांगून ठेवा. जमलं तर मोजायला सोबत विरुद्ध पक्षाचा एखादा समंजस माणूस घ्या. अशी जोडी जमणं अवघड असतं, पण जमली तर त्या मोजणीला कुणी हसत नाही.

दुसरी अडचण 'समान जागा' या कल्पनेची. २०२४ च्या विधानसभेला २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार रिंगणात होते, त्यातले जवळपास निम्मे अपक्ष. एका मतदारसंघात सरासरी चौदा जण. चौदा जणांना सारखी जागा कुठलाच पेपर देणार नाही आणि देऊही नये. आमदार रोज पाच गावं फिरतो, त्याच्यासाठी राज्य पातळीवरचा नेता हेलिकॉप्टरने येतो, त्याच्याकडे दोन फोटोग्राफर आणि प्रेसनोट लिहिणारा पगारी माणूस असतो. त्याच्या बातम्या जास्त येणारच. याला प्रस्थापितांचा फायदा म्हणा. पक्षपात म्हणायचा तर त्यापलीकडचं काहीतरी दाखवावं लागतं.

म्हणून एकूण जागा मोजू नका, जोड्या लावा. दोन्ही प्रमुख उमेदवारांच्या वाट्याला सारखीच येणारी घटना शोधायची आणि तिला मिळालेली वागणूक शेजारीशेजारी ठेवायची. अर्ज भरण्याचा दिवस ही पहिली जोडी. दोघांचंही शक्तिप्रदर्शन असतं, दोघांसोबतही कुणीतरी मोठा नेता असतो. एकाची चार कॉलमी बातमी फोटोसह पान एकवर आणि दुसऱ्याची 'यांचाही अर्ज दाखल' अशी सिंगल कॉलम असेल, तर ती नोंद घ्या. बंडखोरी ही दुसरी जोडी. दोन्हीकडे बंडखोर असतील तर कुणाच्या बंडखोराला 'डोकेदुखी' म्हटलंय आणि कुणाच्या बंडखोराची बातमीच नाही? तिसरी जोडी आचारसंहिता भंगाच्या तक्रारींची. एकावरच्या तक्रारीची बातमी दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुढे नेली जाते आणि दुसऱ्यावरची एकदा छापून मरते, हे फार बोलकं असतं. आरोपाची पहिली बातमी सगळेच छापतात, कारण ती सोडली तर स्पर्धक पेपर छापेल ही भीती असते. मर्जी कळते ती पाठपुराव्यात.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी जोडी मात्र वेगळीच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर, ज्या उमेदवारावर फौजदारी गुन्हे आहेत त्याला त्यांची माहिती प्रचाराच्या काळात तीन वेळा पेपरात आणि टीव्हीवर जाहिरात देऊन प्रसिद्ध करावी लागते. निवडणूक आयोगाने त्यासाठी सी-१ नावाचा नमुना ठरवून दिला आहे. ही जाहिरात तुम्ही पाहिली असेल, पण वाचली नसेल. ती बहुतेकदा निविदा आणि 'नावात बदल' यांच्या शेजारी बारीक टायपात असते. आता ती कापून ठेवा आणि त्याच पेपरच्या बातम्यांच्या पानांवर ती माहिती आली का ते पाहा. म्हणजे पेपरच्या जाहिरात विभागाकडे माहिती आहे, तिचे पैसेही घेतलेत, आणि संपादकीय विभागाला ती बातमी वाटत नाही! एकाच्या गुन्ह्यांवर बॉक्स आणि दुसऱ्याच्या गुन्ह्यांवर मौन असेल, तर एवढा नेमका पुरावा तुम्हाला दुसरीकडे सापडणार नाही. दोघांबद्दलही मौन असेल, तर त्याला पक्षपात म्हणता येणार नाही. तो आळस आहे, किंवा दोघांकडूनही जाहिराती येत आहेत.

जाहिरातींचं नाव निघालंच आहे तर मुद्द्याचं बोलतो. पेपर कुणाच्या मालकीचा, मालक कुठल्या पक्षाच्या जवळचे, यावर आपल्याकडे खूप चर्चा होते. 'सामना' उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचा आहे, 'प्रहार' नारायण राण्यांनी काढला, 'लोकमत'च्या दर्डा कुटुंबातली माणसं काँग्रेसकडून खासदार-मंत्री होती, 'सकाळ'चे प्रतापराव पवार हे शरद पवारांचे बंधू. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि माहीत आहे म्हणूनच त्याचा त्रास कमी. 'सामना' उघडणाऱ्या वाचकाला आपण काय वाचतोय याची पुरती कल्पना असते. मालकाची मर्जी मुंबई-पुण्याच्या पहिल्या पानावर, अग्रलेखात, राज्य पातळीच्या राजकारणात दिसते. तुमच्या तालुक्याच्या पानावर ती पोचेपर्यंत पार पातळ होते. तिथे चालतो तो जिल्हा आवृत्तीचा हिशेब.

तो हिशेब असा आहे. तालुक्याचा वार्ताहर हा बहुतेक ठिकाणी पगारी नोकर नसतो. त्याला मानधन मिळतं ते पेट्रोललाही पुरत नाही. त्याचं घर चालतं जाहिरातींच्या कमिशनवर. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी शुभेच्छा, नेत्याच्या वाढदिवसाचं पान, या सगळ्यांचं टार्गेट त्याच्यावर असतं. वर्षभर त्या जाहिराती देतं कोण? साखर कारखाना, दूध संघ, बाजार समिती, शिक्षण संस्था, पतसंस्था. आणि या संस्था कुणाच्या ताब्यात असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे ज्या माणसाच्या संस्थेने मागच्या पाच वर्षांत त्याला जगवलं, त्याच माणसाच्या विरोधातली बातमी त्याने निवडणुकीत पाठवायची. तो पाठवत नाही. कुणी फोन करत नाही, कुणी पाकीट देत नाही, वरून आदेश येत नाही. बातमी लिहिलीच जात नाही, त्यामुळे डेस्कवर ती कुणी कापल्याचा मागही राहत नाही. तुमच्या उमेदवाराकडे कारखाना नसेल तर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं म्हणजे पॅकेज. निवडणूक आली की जागेचे दर ठरतात: इतक्या बातम्या, इतके फोटो, एक मुलाखत, शेवटच्या दोन दिवसांत पान. यालाच आपण पेड न्यूज म्हणतो. तिच्यातलं 'बातमी' हे सोंगच महाग असतं. उघड जाहिरात दिली तर ती खर्चात दाखवावी लागते आणि वाचकही तिच्यावर विश्वास ठेवत नाही.

महाराष्ट्रात ही गोष्ट देशभर गाजली ती २००९ च्या विधानसभेनंतर. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून निवडून आले. 'द हिंदू'त पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की चव्हाणांची स्तुती करणारा अक्षरशः एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांनी त्या काही दिवसांत आपापली बातमी म्हणून छापला होता. 'अशोकपर्व' नावाची पानंच्या पानं निघाली होती. आणि खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींपोटी चव्हाणांनी दाखवले होते ५,३७९ रुपये. तेव्हा खर्चमर्यादा होती १० लाख. चव्हाणांनी आणि दैनिकांनी आरोप फेटाळले. पराभूत उमेदवार माधव किन्हाळकर यांनी प्रकरण आयोगाकडे नेलं. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला हिशेबाच्या खरेपणात शिरण्याचा अधिकार असल्याचं मान्य केलं. जुलैत आयोगाने चव्हाणांना नोटीस काढली आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. तोवर त्या विधानसभेची मुदत संपत आली होती आणि पुढच्या निवडणुकीचा प्रचार सुरू होता.

तुमच्या कामाचा धडा यात आहे. कायदा विचारतो: उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने हा खर्च केला का, किंवा त्याला संमती दिली का? मजकूर स्तुतीचा आहे, सारखा आहे, यावरून तो प्रश्न सुटत नाही. याउलट उदाहरण उत्तर प्रदेशातल्या बिसौलीचं. तिथल्या आमदार उमलेश यादव यांना ऑक्टोबर २०११ मध्ये आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं, आणि न दाखवलेला खर्च होता अवघा २१,२५० रुपयांचा. तिथे वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने आधीच तो मजकूर पेड न्यूज असल्याचं म्हटलं होतं. मध्य प्रदेशात नरोत्तम मिश्रांना २००८ च्या निवडणुकीतल्या मजकुरावरून २०१७ साली अपात्र ठरवलं गेलं, पण पुढच्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तोही आदेश रद्द केला.

प्रेस कौन्सिलचीही गंमत सांगायला हवी. परंजॉय गुहा ठाकुरता आणि श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने २०१० मध्ये पेड न्यूजवर ७१ पानी अहवाल दिला, त्यात दैनिकांची नावंही होती. कौन्सिलने जुलै २०१० मध्ये प्रसिद्ध केला तो डझनभर पानांचा सारांश. मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाने सांगितल्यावर, २०११ मध्ये बाहेर आला. पत्रकारितेतल्या पैशांवरच्या अहवालाला पत्रकारितेतल्याच माणसांनी कात्री लावली. यावर मी आणखी काही बोलत नाही.

आता पॅकेजची बातमी ओळखायची कशी. समजा, मथळा आहे 'दादांच्या पदयात्रेने शहर दुमदुमले'. खाली: ठिकठिकाणी सुवासिनींनी औक्षण केले, जेसीबीतून पुष्पवृष्टी झाली, विजय निश्चित असल्याची भावना नागरिकांनी व्यक्त केली. पदयात्रा किती वाजता, कुठून कुठे, हे नाही. नाव असलेला एकही नागरिक नाही. पण एवढ्यावर पॅकेज म्हणू नका, कारण साध्या आळशी बातम्याही अशाच असतात. मी तीन गोष्टी बघायचो. एक, विशेषणं. 'कार्यसम्राट', 'लोकनेते', 'भाग्यविधाते' हे शब्द कुठलाही बरा उपसंपादक सवयीने उडवतो. ते शाबूत राहिले असतील तर त्या मजकुराला डेस्कचा हात लागलेला नाही, तो तसाच्या तसा लावायचा निरोप होता. दोन, आकार. खरी बातमी कधी मोठी, कधी छोटी, कधी पडते, म्हणजे छापलीच जात नाही. सलग आठ दिवस त्याच जागी, तेवढ्याच उंचीची, तेवढ्याच रुंदीच्या फोटोची बातमी आली तर ती जागा आधी विकलेली असण्याची शक्यता दाट. तीन, चुका. दोन पेपरांत एकाच गावाचं नाव सारखंच चुकलेलं सापडलं की मजकूर एकाच मोबाइलवरून आलाय हे पक्कं.

फक्त इथे एक खबरदारी घ्या. मजकूर सारखा असणं म्हणजे पैसे नव्हेत. उमेदवाराचा माध्यम प्रतिनिधी व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रेसनोट टाकतो आणि रात्री नऊला पान सोडायच्या घाईत असलेला उपसंपादक ती चिकटवतो. हे रोज होतं. फरक कळतो तो प्रतिस्पर्ध्याच्या प्रेसनोटचं काय झालं त्यावरून. तीही चिकटवलेली असेल तर पेपर आळशी. ती रोज पडत असेल तर बोला. म्हणून तुमच्या उमेदवाराने पाठवलेल्या प्रेसनोटा तारीख-वेळेसह जपून ठेवा. बहुतेक तक्रारदारांकडे छापून आलेल्या मजकुराची कात्रणं असतात, पण न छापलेल्याचा पुरावा कुणाकडे नसतो. कितीतरी छोट्या उमेदवारांना मी विचारलंय की तुम्ही बातमी पाठवली होती का, आणि उत्तर 'पत्रकारांनी यायला नको का?' असं येतं. तालुक्याला एक वार्ताहर आणि चौदा उमेदवार. कसा येणार?

सरकारी जाहिरातींचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण सत्ताधारी उमेदवाराच्या बाबतीत तो सोडून चालणार नाही. २०२४ मध्ये आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला. त्याआधीचे दोन महिने 'लाडकी बहीण'च्या पानभर जाहिराती आठवा. त्या योजनेच्या प्रसिद्धीसाठी सरकारने सुमारे २०० कोटींचा आराखडा मंजूर केला होता. हा खर्च कुठल्याही उमेदवाराच्या हिशेबात येत नाही, आणि तो पूर्ण कायदेशीर आहे. जिल्हा दैनिकाच्या महसुलात सरकारी जाहिरातींचा वाटा मोठा असतो, मग सत्ता कुणाचीही असो. ज्या महिन्यात अशा जाहिराती धो धो येतात त्या महिन्यात योजनेतल्या त्रुटींवरच्या बातम्या किती आल्या, ही मोजणी कुणीतरी करायला हवी. जमल्यास कराच.

एक्झिट पोलवरून मात्र पक्षपात सिद्ध करायला जाऊ नका. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात बहुतेक पोलनी महायुतीला जास्त जागा दिल्या, मिळाल्या १७. पाच महिन्यांनी विधानसभेला त्याच मंडळींनी महायुतीला कमी दिल्या, आणि तिन्ही पक्ष मिळून २३० वर गेले. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला चुकणारा हा अंदाज कच्चा आहे, विकलेला असेलच असं नाही.

आता तक्रारीचं. निवडणूक चालू असेल तर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते, तिच्याकडे कात्रणासह लेखी अर्ज द्या. संशयित पेड न्यूज असेल तर प्रसिद्धीपासून ९६ तासांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने उमेदवाराला नोटीस द्यायची असते आणि उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचं असतं. त्यामुळे आठवड्याच्या कात्रणांचा गठ्ठा एकदम नेऊ नका, त्याच दिवशी द्या. पेड न्यूज ठरली तर त्या जागेचा सरकारी दराने खर्च उमेदवाराच्या खात्यात पडतो. पेपरला दंड होत नाही, प्रकरण प्रेस कौन्सिलकडे जातं आणि कौन्सिल फार तर ताशेरे ओढू शकते. पेड न्यूज हा स्वतंत्र निवडणूक गुन्हा करा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली होती, ती तशीच पडून आहे.

निवडणूक होऊन गेली असेल, आणि तुमच्या प्रश्नावरून तसंच दिसतंय, तर दोन दारं उघडी आहेत. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो आणि त्याची प्रत नागरिकाला मिळते. ती घ्या, वृत्तपत्र जाहिरातींच्या रकान्यातला आकडा आणि तुमच्याकडची कात्रणं शेजारी ठेवा. उघड जाहिरातींचाच हिशेब जुळत नाही असं कैकदा निघतं, आणि ते सिद्ध करणं पेड न्यूजपेक्षा सोपं आहे. दुसरं दार प्रेस कौन्सिलचं. दैनिकाबाबत तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत करावी लागते, आणि त्याआधी संपादकाला लेखी कळवलेलं असावं लागतं. टीव्ही वाहिन्या कौन्सिलच्या कक्षेत येत नाहीत.

संपादकाला पत्र लिहाल तेव्हा 'तुम्ही विकले गेलात' हे वाक्य त्यात नको. त्या वाक्यानंतर पत्र कुणी वाचत नाही. तारीख, पान क्रमांक, कॉलम आणि उंची यांचा एक तक्ता जोडा, त्यात फक्त जोड्या ठेवा, पाठवलेल्या आणि न छापलेल्या प्रेसनोटांची यादी द्या, आणि एकच विचारा: सी-१ जाहिरातीतली माहिती तुमच्या बातमीदाराने बातमी म्हणून का दिली नाही? पत्राची एक प्रत जिल्हा आवृत्तीच्या प्रमुखाला आणि एक मुख्यालयातल्या संपादकांना, स्पीड पोस्टाने पाठवा. मुख्यालयाला अनेकदा तालुक्याच्या पानावर काय चाललंय याचा पत्ता नसतो.